विंच सगळ्यात शेवटी घ्या

दर लांब सुट्टीनंतर एक व्हिडिओ हमखास फिरतो. किनारा कधी अलिबागच्या बाजूचा, कधी वसई-पालघरकडचा. नवीकोरी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, पुळणीत टायरभर रुतलेली, भरतीचं पाणी दारापर्यंत आलेलं, आणि भोवती दहा माणसं दहा दिशांना रेटत असलेली. बघणाऱ्यांचा निष्कर्षही ठरलेला असतो: विंच हवी होती. मग विंच शोधायला बसलं की ९,५०० पाउंड, १२,००० पाउंड, सिंथेटिक रोप, हॉज, आयपी ६७ असे शब्द अंगावर येतात आणि माणूस निमूटपणे सगळ्यात मोठा आकडा असलेला खोका उचलतो.

विंच म्हणजे विजेवर चालणारा रहाट. बॅटरीवर मोटर फिरते, गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात, ड्रमवर दोर गुंडाळला जातो. दोराचं दुसरं टोक झाडाला बांधलं की गाडी स्वतःलाच खेचून बाहेर काढते. यंत्र सरळ आहे. गोंधळ होतो तो खरेदीच्या क्रमात. विंच या यादीतली शेवटची वस्तू आहे, पण बहुतेक जण ती पहिली घेतात.

रुतलेली गाडी किती जड होते?

गाडीचं वजन बदलत नाही, तिला हलवायला लागणारा जोर बदलतो. हिशोबासाठी माणसं आणि सामान धरून २,४०० किलोची एक गाडी घेऊ. थार, गुरखा किंवा पिकअप असलेल्यांना हा आकडा जवळपास चालेल.

सपाट, ओल्या, घट्ट वाळूत ही गाडी ओढायला वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका जोर लागतो, म्हणजे ४०० किलो. भुसभुशीत कोरड्या वाळूत चौथा हिस्सा, ६०० किलो. उथळ चिखलात तिसरा, ८०० किलो. भातखाचरातल्या किंवा खाजणातल्या चिकट गाळात निम्मा, १,२०० किलो. चाकं पूर्ण बुडाली की जोर वजनाइतका होतो, २,४०० किलो. गाडी पोटावर बसली की दुप्पट, ४,८०० किलो. वर चढ असेल तर तो वेगळा: पंधरा अंशांच्या चढाला वजनाचा सुमारे चौथा हिस्सा, तीस अंशांच्या चढाला निम्मा.

हे ठोकताळे आहेत, प्रयोगशाळेतली मापं नव्हेत. तरी त्यांतून एक गोष्ट दिसते. पोटावर बसलेल्या गाडीला ९,५०० पाउंडाची, म्हणजे ४,३०० किलोची विंचही पुरत नाही. पण चाकांपुढची वाळू आणि पोटाखालचा ढिगारा उपसला की हाच आकडा हजारावर येतो. फावडं इथे विंचपेक्षा जास्त काम करतं, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

आधी हवा

वाळूवर टाचेची चप्पल रुतते, अनवाणी पाय रुतत नाही. टायरचंही तेच. ३२ पीएसआयला टायर फुगीर असतो आणि जमिनीला छोटा तुकडा टेकवतो. हवा १८ वर आणली की तो तुकडा लांब होतो आणि वजन पसरतं. वाळूत शिरण्याआधी हवा १८ करा. तरीही रुतलात तर १५. त्याखाली जपून, कारण कमी हवेत झटक्याने वळलं तर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायचीच. कमी हवेवर वेगात गेलं की टायरची कड तापून फाटते. म्हणून पहिली खरेदी हवेचा गेज आणि बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप मोठ्या टायरला हाशहुश करतात आणि फ्यूज उडवतात.

दुसरी खरेदी आखूड दांड्याचं फावडं. तिसरी, चाकाखाली सारायच्या दोन प्लास्टिकच्या पाट्या, ज्यांना ट्रॅक्शन बोर्ड म्हणतात. पाटी चाकाला भिडवून, उतरती खणून बसवायची आणि पहिल्या लो गिअरमध्ये अलगद निघायचं. ॲक्सिलरेटर दाबून चाक गरगरवलं की पाटीचे दात वितळतात आणि गाडी आणखी वीतभर खाली जाते.

वाळूवरच्या बऱ्याच फजित्या इथेच संपतात.

पण हूक लावणार कुठे?

गाडी अडकल्यावर पहिला खरा प्रश्न हाच. पुढच्या बंपरमागे दिसणारी प्रत्येक कडी ओढायची नसते. काही कड्या गाडी ट्रकवर किंवा जहाजावर बांधून नेण्यासाठी असतात. त्या वाहतुकीत गाडी जागेवर धरतात, गाळातून उपसायचा जोर त्यांना झेपत नाही. बंपरचं झाकण काढून पिळून बसवायचा टोचनचा डोळा रस्त्यावर बंद पडलेली गाडी सरळ रेषेत हळू ओढण्यापुरता आहे. आडव्या झटक्यात तो वाकतो किंवा सुटून उडतो.

लागतो तो चॅसीला बोल्टने पक्का केलेला रिकव्हरी पॉइंट: किती टनांचा आहे ते कोरलेला, पुढे शक्यतो दोन, मागे किमान एक. ट्रेलर जोडायला मागे असतो त्या टोचनच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. ताणात तो गोळा तुटला तर पट्टा बेचकीचं रबर होतो आणि गोळा तिच्यातला दगड. परदेशात अशा गोळ्यांनी माणसं दगावली आहेत.

"टोचनचा पट्टा आहे की डिकीत!"

असू दे. पण तो रस्त्यावरचा आहे. पट्टे दिसायला सारखे असले तरी दोन जातींचे असतात. पॉलिएस्टरचा पट्टा जवळजवळ ताणला जात नाही; तो टोचनला आणि विंचचा दोर लांबवायला चांगला. नायलॉनचा पट्टा किंवा दोर वीस ते तीस टक्के ताणला जातो. त्याला स्नॅच स्ट्रॅप किंवा कायनेटिक रोप म्हणतात. दुसरी गाडी थोडी ढील ठेवून निघते, नायलॉन ताणतं, ऊर्जा साठवतं आणि रुतलेल्या गाडीला सलग ओढ देतं. न ताणणाऱ्या पट्ट्याने असा झटका दिला तर सगळा धक्का हूक, बोल्ट आणि चॅसीवर जातो. काहीतरी तुटतंच, आणि जे तुटतं ते उडतं.

निवड साधी. तुटण्याचा भार दोन गाड्यांतल्या हलकीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट. आपल्या गाडीला म्हणजे ५ ते ७ टनांचा, नऊ मीटर लांब. त्याहून फार जाड घेतला तर तो ताणलाच जात नाही आणि पैसे भरून साधा पट्टा घेतल्यासारखं होतं. ओलं नायलॉन साधारण दहा टक्के ताकद गमावतं, पावसाळ्यात हे धरून चाला. एक-दोन मीटर ढील, लो गिअर, माणूस जोरात चालेल त्याहून थोडा जास्त वेग. तीन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा आणि खणा.

नायलॉनचा पट्टा विंचच्या दोराला कधीच जोडायचा नाही. विंच हळूहळू ताण भरत राहते आणि तो सगळा ताण बेचकीत साठतो.

शॅकल: किलोभराची फसवणूक

शॅकल म्हणजे पट्टा आणि पॉइंट जोडणारी पोलादी कडी, आडवी पिन पिळून बंद होणारी. चांगली शॅकल हातात घेऊन बघा. अंगावर उठावदार अक्षरांत मापासोबत सुरक्षित भार लिहिलेला असतो: १९ मिलिमीटरच्या शॅकलवर ४.७५ टन, २२ मिलिमीटरच्या शॅकलवर ६.५ टन. सुरक्षित भार म्हणजे रोज टाकता येईल इतका भार. तुटण्याचा भार त्याच्या पाच-सहा पट असतो. पट्ट्यांवर मात्र बहुधा तुटण्याचाच आकडा छापतात. हे दोन आकडे एकाच तराजूत टाकले की घोळ झालाच.

आकडा नुसता स्टिकरवर असेल, पिनेचे आटे खरखरीत लागत असतील किंवा अंगावर सांधा दिसत असेल, तर परत ठेवा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर उचलसामानाच्या दुकानांत नव्या, शिक्का असलेल्या शॅकल मिळतात. तिथल्याच दारूखाना भागात जहाजतोडीतून आलेल्या शॅकल स्वस्त आणि दणकट दिसतात, पण त्यांनी आधी किती झटके खाल्ले हे त्या सांगत नाहीत. त्या दारातल्या झोपाळ्याला ठेवा. शॅकलवर ओढ सरळच यायला हवी. पूर्ण आडवी आली तर तिची क्षमता निम्मी होते. पिन घट्ट बसवून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती पान्यानेही उघडत नाही.

दोराच्या विणीची मऊ शॅकलही मिळते. ती तुटली तरी लोखंडासारखी गोळी होत नाही, म्हणून जिथे चालेल तिथे तीच बरी. धारदार कडेवर मात्र ती कापली जाते.

आता विंच: खोक्यावरचा आकडा कधी खरा असतो?

नियम असा: भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट. २,४०० किलोला ३,६०० किलो, म्हणजे जेमतेम ८,००० पाउंड. पाउंडाचे किलो करायला २.२ ने भागा. म्हणून अशा गाडीला ९,५०० पाउंड बरी. दीड टनाच्या जिम्नीला किंवा जिप्सीला ५,००० ते ६,००० पाउंड पुरते.

खोक्यावर न लिहिलेली गोष्ट अशी की हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाचा आहे. पतंगाची फिरकी आठवा. फिरकी मांजाने भरलेली असली की एका फेऱ्यात खूप मांजा येतो, पण पतंगाची ओढ हाताला जड लागते. फिरकी रिकामी होत आली की एका फेऱ्यात थोडाच मांजा येतो, पण हात हलका चालतो. विंचचंही असंच.

साधारण ६४ मिलिमीटरचा ड्रम, २२-२३ सेंटिमीटर रुंद, त्यावर ९ मिलिमीटरचा २८ मीटर दोर धरला तर पहिल्या थरावर ४,३०० किलो, दुसऱ्यावर सुमारे ३,५००, तिसऱ्यावर ३,०००, चौथ्यावर २,६००. पहिल्या थरात जेमतेम पावणेसहा मीटर दोर मावतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा हवा असेल तर बावीस मीटर दोर बाहेर हवा. झाड आठ मीटरवर असेल तर ड्रमवर वीस मीटर शिल्लक, तिसरा थर, आणि तुमची ९,५०० ची विंच प्रत्यक्षात साडेसहा हजारांची.

मग सरळ १२,००० ची घेतली तर?

वजन वाढतं, करंट वाढतो, आणि तेवढा जोर पॉइंट, शॅकल आणि झाड या सगळ्यांना झेपावा लागतो. त्यापेक्षा कप्पी घ्या. दोर विंचमधून निघतो, झाडाला बांधलेल्या कप्पीला वळसा घालून परत येतो आणि आपल्याच गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला अडकतो. जोर जवळपास दुप्पट, वेग निम्मा. शिवाय दोर दुप्पट बाहेर पडतो, म्हणून ड्रमचा खालचा थर वापरात येतो. वरच्याच उदाहरणात झाड आठ मीटरवर असेल तर सोळा मीटर दोर बाहेर, दुसरा थर, ३,५०० च्या दुप्पट ७,०००, घर्षणाचे दहा टक्के वजा करून सहा हजारांहून जास्त किलो. कप्पीवर खर्च करा, मोटरवर नको.

एवढं लक्षात ठेवा की झाडाकडच्या पट्ट्यावर आणि शॅकलवरही दोराच्या दुप्पट ताण येतो. तिथे ६.५ टनांची शॅकल लावा.

बॅटरी किती टिकते?

पूर्ण भारावर ९,५०० ची विंच सुमारे ४०० अँपिअर खाते. गाडीचा अल्टरनेटर शंभराच्या आसपास देतो. उरलेले ३०० बॅटरीतून जातात, म्हणजे दर मिनिटाला ५ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर बारा मिनिटं चालेल, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याआधीच व्होल्टेज कोसळतो. आणि पूर्ण भारावर दोर मिनिटाला मीटर-दीड मीटरच सरकतो.

म्हणून इंजिन चालू ठेवायचं, एक मिनिट ओढायचं, मग मोटरला हात लावून बघायचं. चटका बसत असेल तर थांबायचं. स्वस्त विंच बहुधा इथेच मरते, गिअर तुटून नव्हे तर मोटर किंवा कॉन्टॅक्टर जळून. कॉन्टॅक्टर म्हणजे हा प्रचंड करंट चालू-बंद करणारा स्विच. तो चिकटला तर बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते. म्हणून बॅटरी आणि विंचमध्ये हाताने फिरवायचा जाड आयसोलेटर स्विच हवाच. अर्थिंगची वायर बॉडीला न लावता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यायची. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारं सील. मुंबईच्या पावसाला याहून कमी नको, आणि तो आकडा मोटरचा आहे की कंट्रोल बॉक्सचाही, हे विचारून घ्या.

पोलादी दोर की सिंथेटिक?

सिंथेटिक. पोलादी वायर रोप खडकावर घासली तरी टिकते, पण तिच्या तुटक्या तारा हातमोज्यातून घुसतात, खाऱ्या हवेत ती गंजते, आणि तुटली तर चाबकासारखी येते. सिंथेटिक दोर, पॉलिथिलीनच्या खास धाग्यांचा, त्याच जाडीला तितकाच किंवा जास्त ताकदीचा. दोर ज्यातून बाहेर येतो त्या चौकटीसकट हिशोब केला तर गाडीच्या नाकावरचे दहाएक किलो वाचतात.

तोटे आहेत. ऊन आणि वाळूचे कण त्याला खातात. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. भारासह दोर सोडताना तो तापतो आणि खालचा थर भाजतो. पोलादी दोराला रोलरची चौकट लागते, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमची, जिला हॉज म्हणतात. जुने, चरे पडलेले रोलर ठेवून नवा सिंथेटिक दोर घातला तर तो पहिल्याच ओढीत विसविशीत होतो. पोलादी दोराचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ-दहा वेढे ड्रमवर कायम राहू द्या. भार त्या वेढ्यांच्या घर्षणावर असतो. टोकाचा स्क्रू फक्त दोर जागेवर धरतो.

दोर कोणताही असो, मधोमध जाड ओला टॉवेल किंवा डँपर (दोर तुटला तर त्याला खाली दाबणारं वजनदार कापड) टाका, दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस नको, आणि ताणलेला दोर ओलांडायचा नाही. इथे "जरा पटकन जातो" चालत नाही.

बांधायचं कशाला?

दोर थेट झाडाभोवती गुंडाळून स्वतःतच हूक अडकवणं म्हणजे झाड आणि दोर दोन्ही मारणं. ७५ मिलिमीटर रुंद, तीन मीटरचा पट्टा बुंध्याला, जमिनीलगत. घाटात जाड जांभूळ किंवा ऐन मिळाला तर उत्तम. कोकणात मोह होतो तो माडाचा. माडाला सोटमूळ नसतं, त्याची तंतुमुळं वाळूत पसरलेली असतात. शिवाय तो कुणाचा तरी उत्पन्नाचा माड असतो. सुरूच्या बारीक खोडांवरही भरवसा नको. दोन-तीन झाडांत भार वाटा.

मोकळ्या पुळणीवर काहीच नसतं. तिथे स्टेपनी वाळूत गाडतात: ओढीच्या दिशेला आडवा, कमरेइतका खोल खड्डा, त्यात स्टेपनी उभी, मधून पट्टा, पट्ट्यासाठी तिरका चर, आणि वर वाळू तुडवून भरायची. अर्ध्या तासाची मेहनत आहे.

आणि घड्याळ चालू असतं. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. मधल्या दोन तासांत निम्मं चढतं. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे त्या दोन तासांत तासाला मीटरभर. पहिली लाट टायरला लागली की प्रत्येक परतणारी लाट चाकाखालची वाळू घेऊन जाते. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदी असते, ती याचसाठीही.

"त्यापेक्षा ट्रॅक्टर बोलवू"

बोलवा. स्थानिक ट्रॅक्टरवाल्याला जमीन तुमच्यापेक्षा कळते. फक्त त्याची साखळी आणि तुमचा बंपर यांची गाठ पडू देऊ नका. पॉइंट तुम्ही दाखवा, पट्टा आणि शॅकल तुमची द्या, आणि झटका न देता सावकाश ओढायला सांगा. ट्रॅक्टरने उपटलेले बंपर विंचच्या अपघातांपेक्षा कितीतरी जास्त असतील.

आरटीओचं काय?

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करा, असं राज्यांना कळवलं. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नकोत. पुढचा लोखंडी बंपर पादचाऱ्याला घातक असतोच, शिवाय तो धक्क्याचा मार्ग बदलतो आणि एअरबॅग चुकीच्या वेळी उघडू शकते. विंच बसवायचीच असेल तर मूळ बंपरमागे चॅसीला बसणारी पाटी बघा, किंवा मागच्या हिचमध्ये (ट्रेलर जोडायच्या खोबणीत) घालून काढता येणारी चौकट, आणि काम सुरू होण्याआधी आरटीओत विचारा. माउंटिंगला कंपनीने दिलेलेच बोल्ट वापरा. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा बोल्ट त्याच ताकदीचा असतोच असं नाही.

किनाऱ्यावरून आल्यावर

विंच न वापरल्याने जास्त बिघडते. मुंबईच्या हवेत दोन-तीन महिने तशीच राहिली की ड्रम मोकळा करायचा क्लचचा खटका जाम होतो आणि टर्मिनलवर हिरवट थर चढतो. महिन्यातून एकदा दोर पूर्ण सोडा आणि हलक्या उतारावर, गाडीच्याच वजनाचा ताण देऊन परत गुंडाळा. ढिला गुंडाळलेला दोर पुढच्या ओढीत खालच्या थरांत घुसून अडकतो. खारं पाणी लागलं असेल तर दोर बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून, पिळ्यांमधली वाळू बोटांनी मोकळी करून सावलीत वाळत घाला. बाल्कनीत दोन दिवस लागतात.